लोहार मोठा की मुंगूस

...आणि वर मलाच म्हणतात, ‘तू मध्ये बोलू नकोस, तू इस्त्री कर!’ माझ्या दुकानात! माझ्या बाकावर बसून, माझा चहा पिऊन! तुम्हाला सांगतो, माझं लाँड्रीचं दुकान आहे, बाहेर एक बाक आहे, आणि त्या बाकावर रोज सकाळी बॉक्सिंग चालतं. तोंडाने! एक आमचे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे मिस्टर, म्हणजे मानाने मोठे, त्यांना उलट बोलायची सोय नाही. दुसरा रिटायर झालेला पोस्टमन. दोघांनी उभ्या जन्मात डास सोडला तर कोणाला मारलेलं नाही. आणि वाद कसला? तर बँटमवेटमध्ये लोहार मोठा की मुंगूस!

आता बॉक्सरांची ही दोन टोपणनावं तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. बँटमवेट म्हणजे साडेत्रेपन्न किलोच्या आतली माणसं, आम्हाला कोण ओळखतं? हेवीवेटवाला पडला की लोक म्हणतात, बापरे, केवढा माणूस पडला! आमच्यातला पडला तर मागच्या रांगेतला विचारतो, ‘सुरू झाली का मॅच?’ तर लोहार हा आधीचा चॅम्पियन. चालायचा सावकाश, पण बरगडीत असा ठोसा घालायचा की आजीचं दूध आठवावं... आईचं नाही, आजीचं! मुंगूस नंतरचा. नुसता वारा. समोर आहे म्हणेपर्यंत कानाशी. दोघं एकमेकांशी कधी लढलेच नाहीत, एक उतरला तेव्हा दुसरा चढत होता, म्हणून तर वाद मिटत नाही. साडू म्हणतात, ‘मुंगूस त्याला अंगाला हात लावू देणार नाही रे!’ पोस्टमन म्हणतो, ‘अहो, पळून पळून पळणार किती? रिंगला काय मागचं दार असतं?’ आणि मी आत शर्टाची कॉलर दाबतोय. मी! या दोघांशीही खेळलेला! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो कळसा इथे घाम पुसत उभा आहे... पण मला कोणी विचारलं?

बरं, मी खेळायचो हे साडूंना माहीत नाही असं नाही. लग्न ठरताना सांगितलं होतं. पण ओळख कशी करून देतात? ‘हा आमचा धाकटा साडू. हाही पूर्वी थोडेफार हातपाय हलवायचा.’ हातपाय! अहो, वजन उतरवायला भर उन्हाळ्यात रेनकोट घालून बंद खोलीत उड्या मारल्यात मी. पाणी पिणं बंद केलंय. लिंबाची फोड चोखून चोखून डब्यात थुंकत बसलोय, तेवढंच वजन कमी! डोक्याचा गोटा केला, कारण काटा चिमूटभर पुढे जात होता. हातपाय म्हणे!

त्यात त्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आहे. मुंगूसच्या डाव्या ठोशाचा. रोज लावतात. ‘बघा, बघा, आता बघा... गेला! कसा पडला, दोरीवरची चादर पडावी तसा!’ पोस्टमन खो खो हसतो. तो पडणारा मी आहे हो! टकलू, पाठमोरा, अंधूक, पण मी! रोज सकाळी मला माझ्याच दुकानासमोर पाडतात, मागे नेऊन उभा करतात आणि पुन्हा पाडतात. एकदा बायको डबा घेऊन आली, जाता जाता तिची नजर पडली त्यावर. लग्नाआधीची गोष्ट ही, तिने मला रिंगमध्ये कधी बघितलेलंसुद्धा नाही. आत आली आणि हळूच म्हणाली, ‘अहो, ही तुमची पाठ ना?’ पाठीवरून ओळखलं तिने! आणि साडू रोज माझं तोंड बघतात! म्हणाली, ‘मग सांगत का नाही त्यांना?’ म्हटलं, मला कोणी विचारलं?

‘विचारायची वाट बघत बसा,’ म्हणाली आणि डबा आपटून गेली. लागलं ते मनाला. इस्त्री उभी केली, बाहेर गेलो आणि एका दमात सांगून टाकलं. की तो पडतोय तो मी, आणि लोहारशीही मी खेळलोय, आणि तुम्ही ज्याच्यावरून भांडताय ते माझ्या बरगड्यांना विचारा! तुम्हाला सांगतो, पोस्टमनने उठून मला जागा दिली. माझ्या दुकानाच्या बाकावर मी पहिल्यांदा बसलो! वाटलं, आता विचारतील. लोहार जवळून कसा होता रे? सांगणार होतो, ठोसा मारायच्या आधी तो नाकाने श्वास सोडायचा, तो ऐकू यायचा, आणि ऐकूनही काही उपयोग नसायचा. मुंगूसने मला स्वतः हाताला धरून उठवलं, तेही सांगणार होतो, व्हिडिओ त्याच्या आधीच संपतो ना. वर्षानुवर्षं उत्तरं घडी घालून ठेवलेली हो माझी!

आणि साडूंनी विचारलं. ‘लोहारने कितव्या राउंडला पाडलं तुला?’

‘सहाव्या.’

‘आणि मुंगूसने?’

‘दुसऱ्या.’

‘झालं!’ मांडीवर थाप! ‘मिटला वाद. माणूस एकच, याला सहा राउंड लागले, त्याला दोन. मुंगूस मोठा!’ आणि तो पोस्टमन, एवढा कट्टर लोहारवाला, मान डोलावतो! अहो, पण लोहारशी खेळलो तेव्हा माझ्या पोटात अन्न होतं! मुंगूसच्या वेळी पाण्याचा थेंब नव्हता, समोर दोन मुंगूस दिसत होते आणि मी नेमका नको त्याला मारत होतो! हे सांगायला तोंड उघडलं, तर साडू म्हणतात, ‘ते सोड. तू मध्ये बोलू नकोस.’ वाण्याच्या तराजूतलं वजन असतं ना, ते झालो मी. वजनाला कोण विचारतं, बाबा रे, तुला काय वाटतं म्हणून?

म्हटलं, चला, वाद मिटला, निदान बाक तरी रिकामा होईल. कसला होतोय? दुसऱ्या दिवशी दोघं हजर! आता फेदरवेट काढलं, आमच्या वरचं वजन. पुन्हा दोन जुने चॅम्पियन, पुन्हा तेच, हा मोठा की तो मोठा. मी आत, कॉलरवर. आणि तेवढ्यात साडूंनी हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, स्वतःहून, मला हाक मारून विचारलं हो...

‘काय रे, फेदरवेटमध्ये कोणाचा मार खाल्लायस का तू?’

नाही म्हटलं. ‘मग राहू दे,’ म्हणाले, ‘तू इस्त्री कर.’ आणि खरं सांगतो तुम्हाला, या वयात, हातात गरम इस्त्री घेऊन, मला इतकं वाईट वाटलं... खाल्ला असता तर बरं झालं असतं!