रेशमावरची सात माणसं

काढा की बंडी, नानासो. खालची गुंडी बगा कशी लोंबकळतीया, वाठारला पोचस्तवर पडंल कुटंतरी गाडीत. दोन टाक्यांचं काम हाय. — न्हाई? बरं, ऱ्हाऊ द्या, घाई न्हाई. बसा तुमी. त्या गठुळ्यावर नगं, त्यात सुया हायत्या. हां, हितं. तर काय इचारत हुता तुमी — जोतीराम खरं बोलतो का थापा मारतो, असंच ना? आन माजी साक्ष घ्याला आला, कारन मी त्याचा शेजारी, भित्तीला भित्त. बराबर हाय. पोरगी द्यायची म्हंजे चौकशी कराय पायजे. मी बी भाचीच्या येळंला जावयाच्या गावात जाऊन तीन दीस रोज न्हाव्याकडं दाढी केली, चौकशीसाटी. तिसऱ्या दिशी न्हावी म्हनला, पाव्हनं, आता कातडं तेवडं उरलंय. तवा इचारा काय इचारायचं त्ये. लोनंदात ह्या नाथाजी शिंप्याइतका खरं बोलनारा दुसरा गावायचा न्हाई.

परवाचं मला सगळं कळलंय. जोतीराम आन त्याची आई राहीबाई तुमच्याकडं आली, लीला पसंत पडली, पोरीनं पोहं बी चांगलं केलं हुतं म्हनं. मला बी चला म्हनत हुती राहीबाई, पर माजा दात दुखत हुता. — ह्योच, वरचा. आता न्हाई दुखत. तर तुमी ही बंडी घालून, लोडाला टेकून जोतीरामला इचारलं, इलायतेत काय बगितलंस? त्यानं सांगितलं, रेशमाच्या गावात ऱ्हायलो, मेयरसंगं च्या प्यालो, आन त्या गावच्या सात मोट्या मानसांच्या तसबिरी इनलेलं रेशीम माज्यापाशी हाय. तुमी म्हनला, दाव. त्यो म्हनला, शिंप्याकडं हाय. कवापास्नं? दिवाळीपास्नं. आन आता चैत सरत आला, तवा तुमची समदी भावकी हसली आन तुमी म्हनला, थापाड्याला पोरगी द्यायची न्हाई. झालं. राहीबाईनं त्या दिसापास्नं धड घास खाल्ला न्हाई, आन जोतीराम वसरीवर बसून नुसता बुटाला पालिश करतोय. भित्तीतनं मला ब्रश ऐकू येतोय.

पोरगं खोटं बोलत न्हाई, नानासो. आफ्रिकेत त्याला धरला, इटलीत कोंडला, तितनं जर्मनीत नेला, चार वर्सं गड्यानं उकडलेला बटाटा खाल्ला. लढाई संपली तवा इंग्रजांनी ह्या कैद्यास्नी सोडवून इलायतेला नेलं, जहाज मिळस्तवर ठेवलं. तितल्या गावकऱ्यांनी एकेक गडी आपल्या घरी पाव्हना म्हनून नेला, आन जोतीराम गेला मॅकल्सफील्ड गावाला. पंधरा दीस हुता. आख्ख्या गावात रेशीम, घरटी एक मानूस मागावर. हॅनाबाई म्हनून एक म्हातारी हुती, साट वर्सं मागावर बसलेली, तिच्या घरी. लढाईत विमानातनं उड्या मारायच्या छत्र्या असत्यात का न्हाई, त्यांचं रेशीम इनलं तिनं. तिचा नातू बी आफ्रिकेतच गेला हुता, त्यो काय परत आला न्हाई. मग ही जोतीरामला समोर बसवून वाढायची, आन त्यो खाताना बगत बसायची. बोलायचं तर एकमेकांचं एक अक्षर कळत न्हवतं.

निगताना तिनं ह्ये रेशीम दिलं. गावाच्या कसल्याशा उत्सवाला गिरनीनं इनलेलं, हातभर रुंद, दीड हात लांब. रंगवलेलं न्हवं, इनलेलं, दोऱ्याची मिशी, दोऱ्याचा डोळा. मधी ताटायेवडा मेयर, गळ्यात मानाची सोन्याची साकळी. राहीबाईनं बगितलं आन म्हनली, आगं बाई, ह्याला कुनी बांदून घातलाय? भवतीनं सा जन. गिरनीचा मालक, बँडमास्तर, पाद्री, डाक्तर, चेंडूच्या खेळातला गोल राखनारा, आन — ऐका बरं का — हॅनाबाई स्वता. मेयरच्या पंगतीला इनकर बाई. मी सांगलीच्या पेठेत धा वर्सं सुई चालवली, तितल्या एका शेटनं कवा मला जेवायच्या पंगतीला बस म्हनलं न्हाई, तसबिरीचं तर सोडाच. मला ते गाव लय आवडलं.

तर हाय, रेशीम हाय. म्हंजे हुतं. म्हंजे हायच की. — न्हाई न्हाई, आडखळत न्हाई मी, दोरा तोंडात हुता. काढा ती बंडी, बोलता बोलता गुंडी लावतो.

बरं, नका काढू.

आता शिंप्याचं काम कसं असतंय त्ये सांगतो, म्हंजे तुमच्या ध्यानात यील. जोतीराम ते रेशीम घिऊन आला आन म्हनला, नाथामामा, ह्याला मागनं कापड लावा, काठ दुमडा, भित्तीला टांगायचंय. सोपं काम. मी पसरलं, बगतो तर उजवा काठ जरा वाकडा. प्रवासात वडलं गेलं असंल. आता वाकडा काठ तसाच दुमडला तर मला लोक शिंपी म्हंतील का? म्हनून बोटभर काठ सरळ केला. कापला न्हाई, सरळ केला. मग डावी बाजू बोटभर जादा वाटाय लागली, म्हनून तिकडनं बी घेतली. त्यात पाद्र्याचा कान गेला. एका कानाचा पाद्री बरा दिसतोय का? देवाचा मानूस. म्हनून पाद्री समूळ काढला. तवा त्याच्या समोरचा डाक्तर एकटाच पडला, जोडी मोडली. डाक्तर काढला. मग खाली मोकळं आन वर गर्दी, म्हनून वरचा गिरनीमालक आन बँडमास्तर. गोल राखनाऱ्याचं काय केलं त्ये मला आता आठवत न्हाई, पर काय तरी कारन हुतं, बिनकारनाची कातर मी चालवत न्हाई.

हसू नका. लढाईपास्नं कापडावर कंट्रोल हाय, लोक रेशनच्या दुकानाफुडं रात काढत्यात, आन माज्या फुडं रेशमाचे तुकडे पडलेले. आन तुमास्नी म्हाईत हाय, कात्रण शिंप्याचं असतंय. वाडवडलांपास्नं हाय, कुनी इचारत न्हाई. मी तरी कुटं इचारलं. पाद्री आन डाक्तर मिळून आकारामच्या नातीला कुंची झाली, पोरगी कानाला थंडी लागली म्हनून रडत न्हाई आता. गिरनीमालक बनुबाईच्या चोळीच्या बाहीला. माज्या बायकोच्या, व्हय. भाकरी थापताना वर-खाली हुतोय बिचारा, उभ्या जन्मात येवडं काम केलं नसंल त्यानं. गोल राखनारा माजी पानाची चंची हाय, ही बगा. काय आत टाकलं तर भायेर पडू देत न्हाई. आन बँडमास्तर — ही टोपी. उलटी करून बगा. दिसल्या का मिशा? माज्या टाळूवर असत्यात.

आता तुमी म्हंशीला, ह्यो चोर हाय. म्हना. बनुबाई बी म्हनती. जोतीराम आठवड्यातनं दोनदा येतो, नाथामामा, झालं का? मी म्हंतो, उद्या. काय सांगू त्याला? चार वर्सं कैदेत ऱ्हाऊन पोरानं एक वस्तू आनली, ती मी काठ सरळ करताना खाल्ली? मला लाज वाटती. माज्या ह्या हातास्नीच लाज वाटती. पर उद्या म्हनायची सवय लागली की त्ये तोंडातनं आपोआप येतंय.

ह्यो डबा घ्या. उघडा. सुयांखाली कागुद हाय, त्यात बगा. — व्हय. हीच हॅनाबाई. हिला न्हाई कापली. कातर नेली हुती दोनदा, पर ती माज्या हाताकडंच बगतीया असं वाटलं. साट वर्सं दोरा हाताळलेली बाई, तिला कळनार ना मी काय करतोय. डोईवरचा रुमाल बगा, एकेक घडी इनलीया. आता तरी पटलं? जोतीराम खरं बोलला.

काय म्हनता — कुनाची बी म्हातारी असंल? आवं, कुनाची बी कशी असंल. — मेयर कुटं हाय? साकळीवाला? त्यानं मेयरसंगं च्या प्यालो म्हनून सांगितलं आन मेयरच न्हाई, म्हंजे बाकीचं बी... नानासो, तुमी लय खोलात शिरता. मेयर हाय. सुखरूप हाय. पर जरा लांब गेलाय. वाठारकडं. बसा, बसा, उटू नका. तुमी असं उटला म्हंजे लगीन मोडलं, आन मोडलं तर त्ये माज्या मानंवर, आन राहीबाईच्या डोळ्याला मी कसा डोळा भिडवू? रोज सकाळी तिच्याच हिरीचं पानी आनतो मी.

संक्रातीचं आठवतंय का? तुमास्नी तालुक्याला सभंला जायचं हुतं. बंडी उद्याच्या उद्या पायजे म्हनला, आन अस्तर असं मऊ पायजे की पाठीला कळलं न्हाई पायजे. मी म्हनलं कंट्रोल हाय, मांजरपाट मिळंल. तुमी म्हनला, मांजरपाट लावलास तर नाथाजी, तुज्या दुकानाची पायरी चढनार न्हाई. मोटं गिऱ्हाईक. आन रात्री चिमणीच्या उजेडात मी बसलो, फुडं बंडी, बाजूला मेयर. एकटाच उरला हुता, भवतीचे समदे गेलेले. त्याला बी काय गोडी उरली असंल टांगून घ्यायची?

आता कळलं, मी मगापास्नं बंडी काढा, बंडी काढा का म्हंतोय? गुंडीला काय झालं न्हाई. मीच तुमी आल्या आल्या हळूच वडून ढिली केली, गळाभेटीच्या निमतानं. म्हनलं आत नेऊन मेयर सोडवून घ्यावा, मांजरपाट लावून द्यावा, तुमास्नी पत्ता न्हाई आन पोराचं रेशीम जमंल तेवडं जोडावं. तुमी काय बंडी सोडत न्हाई. परवा तुमी लोडाला टेकून त्याला थापाड्या म्हनला ना, तवा मेयर तुमच्या पाठीवरच हुता. टेकला हुता त्यो बी लोडाला.

काढा.

हां. धरा हे टोक, मी उसवतो. आतल्या बाजूला तुमास्नी नुसते रंगीत दोरे दिसायचे, तुमी इचारलं हुतं ही कसली नक्षी, मी म्हनलं हुतं बनारसी. तोंड कापडाकडं हाय त्याचं. हळू वडा... ह्यो टाका घट बसलाय, माज्याच हातचा. — हे बगा. दाढी. आता साकळी. एक, दोन, तीन पदरी. मोजा तुमी. घामानं जरा पिवळा पडलाय, पर सायब सायबच.

जोतीराम थापाड्या न्हाई, नानासो. थापाड्या मी. चार मानसांत सांगतो, तुमच्या भावकीत यिऊन सांगतो, दात काय दुखत न्हाई आता.

काय पुटपुटता? बोला की. — काय? पोरगी दिली? आवं मग असं हळू काय बोलता, राहीबाईला ऐकू जाऊ द्या भित्तीतनं. बनुबाई, साकर आन गं जरा.

आन काय म्हनता? परत शिवून द्यू? मेयर? तोंड भायेरच्या बाजूला करून? लग्नात घालाय, पंगतीत फिरताना समद्यास्नी दिसाय पायजे म्हनून? न्हाई. न्हाई जमायचं. पायरी चढू नका तर नका चढू. ह्यो जोतीरामचा हाय, आन त्याच्या शेजारी ही म्हातारी बशीवनार मी, आन टोपीतला बँडमास्तर, चंचीतला गडी, चोळीतला मालक, कुंचीतले दोघं, पाद्र्याचा कान नसला तर नसू द्या, समदे उसवून आननार. वाकडेतिकडे बसतील, बसू द्या. काठ सरळ करनार न्हाई. तुमच्या बंडीला मांजरपाट लावतो, खाजलं तर खाजू द्या.

ब्रश थांबला बगा पलीकडचा. — तुमी जावा आता, गाडीची येळ झाली. जाताना जोतीरामला सांगा की... न्हाई, नगं. तुमी काय सांगू नका. माजं मी सांगतो. दार तेवडं वडून घ्या.