बेतायच्या टेबलाचं तेल

(मिस्त्रींचं दुकान. मधोमध एक लांबरुंद जुनं टेबल, त्यावर पांढरी पूड पसरलेली.)

मिस्त्री: हात नको लावूस, चिमे. खडूची पूड आहे ती. आतलं तेल ओढून घेतेय.

चिमी: सोमवारपासून ओढतेयच का?

मिस्त्री: ही चौथी खेप. पहिल्या खेपेची पूड उचलली तर तिचा चिखल झाला होता. त्याआधी दोनदा टर्पेंटाइननं पुसलं, ते वेगळंच.

चिमी: मिस्त्रीकाका, आज बुधवार. रविवारी सकाळी दादा गाडी घेऊन येतोय आईला न्यायला. ती कायमची निघालीय त्याच्याकडे. जायच्या आधी हे टेबल माझ्या खिडकीशी लागलेलं, लख्ख झालेलं तिला दाखवायचंय मला. एवढंच मागणं आहे माझं.

मिस्त्री: लाकडाला विचारलंस का?

चिमी: मी तेलसुद्धा घेऊन आलेय. हे बघा, ऑनलाइन मागवलं. टंग ऑइल, चार तासांत वाळतं असं डब्यावरच लिहिलंय. रिव्ह्यू पण चांगले आहेत. एका बाईंनी लिहिलंय, सकाळी लावलं आणि रात्री पाहुणे जेवले त्यावर.

मिस्त्री: पाहुण्यांनी काही लिहिलंय का?

चिमी: काका.

मिस्त्री: आण इकडे. हं. यात तेल आहे, पण नावापुरतं. बाकी वार्निश आणि थिनर. झाकण उघडल्या उघडल्या नाकाला कळलं. खरं टंग तेल इतकी घाई करत नाही.

चिमी: वार्निश तर वार्निश. चकाकेल ना?

मिस्त्री: चकाकेल. वार्निश लाकडाच्या वर बसतं, तेल आत उतरतं. वर बसलेलं एक दिवस उठतं, पापुद्रे निघतात. आणि ह्या टेबलावर ते बसणारच नाही मुळी. ह्याच्या पोटात मशीनचं तेल आहे.

चिमी: कसलं मशीन?

मिस्त्री: शिवणाचं. वर्षानुवर्षं मुरलंय. ते तेल वाळत नाही, हळूहळू आत जिरतं तेवढं. वाळणं त्याचा धर्मच नाही. चाकं फिरत राहावीत म्हणून ओलं राहण्यासाठीच केलेलं असतं. त्याच्यावर तू काहीही मार, महिन्याभरात सुटणार.

चिमी: टेबलाला मशीनचं तेल कोण कशाला लावेल?

मिस्त्री: तेच मी दोन दिवस स्वतःला विचारतोय. हे टेबल माझ्या हातचं. दुकान टाकल्यावर केलेलं दुसरं काम. तुझी आई आली, म्हणाली, मला कापड बेतायला टेबल हवं, सहा फूट, आणि उंची अशी की कंबर वाकायला नको. तिला उभी करून कोपरापासून माप घेतलं होतं मी. जाताना एक बाटली दिली जवसाच्या तेलाची आणि सांगितलं, बाई, वर्षातून एकदा तेल लावत जा.

चिमी: कुठलं तेल ते सांगितलंत?

मिस्त्री: बाटली दिली ना हातात.

चिमी: आणि बाटली संपल्यावर?

मिस्त्री: तेच. तेच चुकलं बहुतेक. मी नुसतं तेल म्हणालो. तिच्या घरात तेल म्हणजे मशीनचं.

चिमी: म्हणजे तुमचीच चूक.

मिस्त्री: माझीच म्हण. ऐक, आता तुझ्यापुढे दोनच रस्ते आहेत. एक, सगळं रंधा मारून काढायचं, नवं लाकूड वर आणायचं. मग ह्या ठिपक्यांच्या रेघा गेल्या.

चिमी: त्या नाही जाऊ द्यायच्या. आईच्या चाकाच्या आहेत त्या. कार्बन ठेवून ते दातेरी चाक फिरवायची ना खुणा करायला, त्याच्या. ही गळ्याची गोलाई बघा, ही माझ्या शाळेच्या फ्रॉकची असणार, दुसऱ्या कुणाचा गळा एवढा लहान नव्हता.

मिस्त्री: मग दुसरा रस्ता. ही पूड झाडायची, वरवर बारीक पॉलिशपेपर, आणि उकळलेलं जवसाचं तेल. एक हात द्यायचा, पंधरा मिनिटांनी सगळं पुसून काढायचं. लावायचं थोडं, पुसायचं पुष्कळ. दोन दिवस थांबायचं, दुसरा हात. मग तीन दिवस, तिसरा हात. मग पंधरा दिवस त्यावर कापड ठेवायचं नाही.

चिमी: पंधरा दिवस? आणि हे रविवारी जाणार.

मिस्त्री: हे कुठे जातंय? आई जाणार.

चिमी: तेच म्हणतेय मी.

मिस्त्री: नाही, तू ‘हे’ म्हणालीस. असो. एक विचारतो, रागावू नकोस. टेबल ठेवून घेतेयस, मग आईला का नाही ठेवून घेत?

चिमी: माझ्या दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, मी दिवसभर ऑफिसात. दादाकडे तळमजला आहे, बाग आहे. सगळ्यांनी बसून ठरवलंय काका. आईलाही पटलंय. म्हणजे, ती काही बोलली नाही.

मिस्त्री: हं.

चिमी: असं हं करू नका.

मिस्त्री: बरं. नाही करत.

चिमी: वास येतोय बघा. ती पूड नाकाशी धरली ना, तर अजून येतो. मला ह्या वासानं काय आठवतं सांगू? टेबल ओलं असायचं ते दिवस. वर्षातून एकदा आई टेबलाला तेल लावायची आणि मग आठ आठ दिवस ते वाळायचं नाही. गिऱ्हाइकं यायची, आई दारातूनच सांगायची, टेबल ओलं आहे, कापडाला डाग पडेल, पुढच्या आठवड्यात या. घरात कात्रीचा आवाज नाही, मशीन झाकलेलं. आई जिन्यात बसून माझे केस विंचरायची, घाईघाईनं नाही, एकेक गुंता सोडवत. पत्ते खेळायची आमच्याशी आणि चक्क चोरून पत्ते बघायची दादाचे. आणि दुपारी झोपायची, काका. आईला दिवसा झोपलेली मी फक्त त्या आठवड्यात बघितलीय. मी आणि दादा शेजारी बसून ती घोरते का ते ऐकायचो.

मिस्त्री: आठ दिवस वाळायचं नाही?

चिमी: कधीकधी दहा.

मिस्त्री: हे मला ठाऊक आहे. एकदा तुझे बाबाच आले होते तक्रार घेऊन. मिस्त्री, लाकूड ओलं दिलंत का, टेबल वाळत नाही म्हणून. मी शरमेनं अर्धा झालो. माझा लाकूडवाला होता, बापासारखा माणूस, त्याच्याशी भांडलो मी. कच्चं लाकूड माझ्या गळ्यात मारलंस म्हणालो. पुन्हा त्याच्या वखारीत पाय ठेवला नाही.

आई: मिस्त्री, आहात का? हे काय, पीठ कुणी सांडलं टेबलावर?

चिमी: आई, तू इथे कशी? मी संध्याकाळी येणारच होते तुझ्याकडे.

आई: कुठे येणार होतीस? खोली सोडली. किल्ली देऊन आले मालकाला, रविवारपर्यंत शेजारणीकडे टेकणार आहे. मशीन होतं तिथली भिंत तेवढी नव्यासारखी राहिलीय, बाकी सगळी काळी. बसायला द्या काहीतरी, मिस्त्री, सगळी स्टुलं स्वतःसाठीच करता का?

मिस्त्री: बसा, टेलरबाई. ह्याच्यावर बसा, ते डुगडुगतं. बाई, एक विचारू का? टेबलाला तेल कुठलं लावायचात?

आई: तुम्ही दिलेलं.

मिस्त्री: ती बाटली दोन वर्षं पुरली असेल. त्याच्यानंतर?

आई: त्याच्यानंतर मशीनचं.

मिस्त्री: बघ. मी म्हटलं नव्हतं? चूक माझी, बाई. तेव्हाच सांगायला हवं होतं की दुसरं तेल चालत नाही म्हणून. तुम्हाला कसं कळणार.

आई: मला कळलं होतं.

मिस्त्री: काय कळलं होतं?

आई: पहिल्या वर्षी नाही. पहिल्या वर्षी चुकलंच माझं. बाटली रिकामी, हाताशी मशीनचं तेल, म्हटलं तेल ते तेल. तुमचं तेल तिसऱ्या दिवशी वाळायचं, हे आठ दिवस झाले तरी हाताला लागत होतं. मी रडकुंडीला आले, गिऱ्हाइकं परत चालली होती. चौथ्या दिवशी दुपारी काही सुचेना म्हणून जरा आडवी झाले, ती दिवेलागणीला उठले. कुणी काही बोललं नाही. हेसुद्धा बोलले नाहीत. टेबल ओलं आहे तर ती तरी काय करणार.

चिमी: आणि पुढच्या वर्षी?

आई: पुढच्या वर्षी जाणून लावलं. चांगलं वाटीभर ओतलं.

चिमी: आई.

आई: आई काय? एरवी घटकाभर टेकले तरी ह्यांची नजर घड्याळाकडे जायची. वाईट नव्हते ते, पण रिकामं बसलेलं माणूस त्यांना बघवत नसे. खरं सांगू का, मलाही बघवत नसे. आपण होऊन बसायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटायचं. टेबल ओलं म्हटलं की प्रश्न मिटला.

मिस्त्री: बाई, मी लाकूडवाला बदलला तुमच्या पायी. शिव्या घातल्या त्याला.

आई: आता मला काय ठाऊक? तुम्ही येऊन विचारायचं होतं.

मिस्त्री: लाज वाटली यायची.

आई: मलाही सांगायची वाटली. झालं, फिटलं.

चिमी: मला वाटायचं उन्हाळ्यामुळे उशिरा वाळतं. दर वर्षी आमच्या सुट्टीतच यायचे ते दिवस.

आई: सुट्टीत येत नव्हते, आणत होते मी. तुमचे निकाल लागले की मी तेलाची बुधली काढायची. दादाला तर एकदा संशय आला होता. आई, टेबल वाळलंय गं, म्हणाला हात फिरवून. त्याला गप्प बसायला लेमनच्या गोळ्या दिल्या आणि रात्री पुन्हा एक हात मारला.

चिमी: माझ्या लहानपणातले सगळ्यात चांगले दिवस होते ते, आई. सगळेच्या सगळे त्या आठवड्यांतले आहेत.

आई: माझे मोठेपणातले.

मिस्त्री: मी खिडकी उघडतो जरा. टर्पेंटाइन झोंबतं डोळ्यांना.

आई: उघडा. आणि ते तुमचं खरं तेल दाखवा. हेच ना? दोन वर्षंच वास घेतला, पण ओळखला. मग, काय करताय ह्या टेबलाचं? कुणी काही सांगेल का मला?

मिस्त्री: पूड झाडतो, बारीक पेपर फिरवतो आणि पहिला हात देतो. तुमच्या लेकीला रविवारच्या आत हवंय. मी म्हटलं होणार नाही.

आई: रविवारच्या आत कशाला?

चिमी: तू जायच्या आधी तुला दाखवायचं होतं. झालेलं.

आई: झालेलं बघून मी काय करणार? होताना बघू दे की. फडकं द्या, मिस्त्री. नाही, ते नको, त्याचे दोरे निघतात, जुनं सुती द्या. किती घेऊ तेल?

मिस्त्री: (पूड झाडून, पेपर फिरवून) फडकं भिजेल इतकंच. वाटीभर ओतू नका.

आई: कळलं, कळलं. गोल फिरवू की लांब?

मिस्त्री: लाकडाच्या रेषेच्या दिशेनं लांब. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, मध्ये थांबायचं नाही. तुम्ही कापड कापता तसं. चिमे, पंधरा मिनिटं जाऊ दे, मग तू मागून पूस. आणि पुसून झालेली फडकी बोळा करून टाकायची नाहीत, उलगडून दोरीवर टाकायची. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप पेट घेतो, माझी एक टोपली गेलीय तशी.

चिमी: आई, रंग बघ. रंग वर येतोय.

आई: दिसतोय. डोळे गेले नाहीत अजून. ही गोलाई तुझ्या फ्रॉकची.

चिमी: मी म्हटलं होतं. काका, मी म्हटलं होतं ना?

आई: चाक जोरात फिरलं होतं माझं, टेबलात उतरलं. तो फ्रॉक तुला दंडात घट्ट झाला होता, तरी शाळेत गेलीस आणि बोलली नाहीस काही.

चिमी: तुझ्यावर गेलेय.

आई: गेलीच आहेस. माझं जायचं ठरवायला सगळे बसलो होतो ना, तेव्हा मी वाट बघत होते. म्हटलं ही आता बोलेल, मग बोलेल. तर तू म्हणालीस, दादाकडे बाग आहे. मला बागेचं काय करायचंय? जन्मात झाड लावलं नाही मी.

चिमी: मला वाटलं तिसरा मजला तुला झेपणार नाही. मी दिवसभर घरात नसते. तू एकटी कंटाळशील.

आई: हे सगळं तुला वाटलं. मला विचारलंस का?

चिमी: नाही विचारलं. राहतेस माझ्याकडे?

आई: इथे सुटलं बघ तुझं. कोपऱ्यात तेल साचलंय, ते पूस आधी.

मिस्त्री: बास. पहिला हात झाला. आता कुणी स्पर्श करायचा नाही. दुसरा शुक्रवारी, तिसरा सोमवारी, आणि पुढे पंधरा दिवस नुसतं बघायचं.

आई: तुझ्याकडे खाट आहे का जास्तीची?

चिमी: नाही. म्हणजे आणते. आजच आणते. दिवाण चालेल?

मिस्त्री: दिवाण मी देतो. तिकडे पडलाय मागे, तोपर्यंत वापरा.

आई: डुगडुगत नाही ना?

मिस्त्री: नाही डुगडुगत, बाई.

आई: मग फोन लाव दादाला. रविवारची गाडी रद्द कर म्हणावं, मी येत नाही.

चिमी: लावते. थांब, हात पुसू दे. तो कारण विचारेल, आई. काय सांगू? टेबल वाळायचंय म्हणून?

आई: नको. आईला माझ्याकडे राहायचंय, असं सांग.