गाडी अजून वाजली न्हाय

मी कंग्राळीचा. आमचा बा सायकलीला दोन किटल्या अडकवून बेळगावात दुधाचा रतीब घालायचा, शहापुरात, खडेबाजाराच्या मागच्या गल्ल्यांत, आन मी सातवीतनं शाळा सोडून त्येच्या मागनं पळायचो. चार म्हशी आन थोडं भाताचं रान, तेवढंच आमचं. लगीन झालं त्याच साली मी फटफटी घेतली. गावातली माणसं चेष्टा करायची, नानाला बायको आन गाडी एकदमच आल्या, बगू आता आदी कोण थकतंय. बायकोचं नाव मंगल. खानापूरकडची, लई हसरी.

तर त्या गाडीचा आवाज, काय सांगू ताई तुम्हास्नी, आख्ख्या गल्लीला ठावं. मी कधी हाक मारली न्हाय की बेल दाबली न्हाय, गाडी कोपऱ्यावर वळली की बायका पातेली घिऊन दारात. आन घरला येताना गावातल्या मारुतीपाशी वळलो की हिकडं मंगल भाकरी ताटात वाढायची. दोन ताटं. माझ्या आदी ती कधी जेवली न्हाय, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासनं. मी चिडायचो, खाऊन घे की गं, कशाला बसतीस. ती म्हणायची, तुमी काय परमुलखात गेलायसा व्हय, येतायसाच की आता.

पुढं तिला साखरेनं धरलं. आदी पाय बधिर झालं, मग डोळं गेलं. दोन्ही गेलं. पोरगा आन सून दोघंबी बेळगावात कामाला, सून गुणाची, साडेआठाला इंजेक्शन करून, भाकरी-भाजी झाकून ठेवून कामावर जायाची. डाक्टरनी बजावल्यालं, इंजेक्शन झालं की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलं पायजे, न्हायतर साखर एकदम उतरती. मी नवाच्या आत घरात. गाडी वाजली की ती चाचपत ताटं वाढायची, एक भाकरी हिकडं, एक तिकडं. कधी चुकलं न्हाय.

पर गाडी थकली. चढावर धूर काढायची, उन्हात मधीच बंद पडायची, मी किटल्यांसकट ढकलत आणायचो, दोनदा दूध नासलं. मेस्त्री म्हणाला, नाना, हिचं सामान आता येत न्हाय, मी दुसऱ्या गाडीचं घासून घासून बसवतोय, किती दिस चालणार? पोरगा म्हणायचा, आप्पा, बॅटरीची गाडी घेऊ, आवाज न्हाय, धूर न्हाय, पेट्रोल न्हाय. मी सा म्हैनं तसंच ढकललं. मन हुईना. पोराला वाटायचं म्हातारा हट्टी, पर माझ्या पोटात भ्या येगळंच हुतं, ती गाडी म्हंजी हिचं डोळं हुतं.

शेवटी मंगलनंच तोडलं. मी कंबर धरून ओट्यावर बसलेलो, तर म्हणाली, अवो, पाठ मोडतीया तुमची, घ्या नवी. मी म्हणालो, आन तुला कसं कळायचं मी आल्यालं? हसली. म्हणाली, हारन न्हाय व्हय तिला? मी म्हणालो, हाय की, मारुतीपाशी दोनदा मारीन. मारा तर, म्हणाली, इसरू नगा. जुनी गाडी मेस्त्रीला दिली, नवी आणली. मंगलनं हातानं सगळी चाचपून बगितली, चाक, सीट, हारन. तिनंच दाबला पयल्यांदा.

चार दिस मी हारन मारला. पाचव्या दिशी गावात शिरलो तर शेजारचा रामू रस्त्यातच आडवा आला, नाना पळ, तुजी म्हस व्यायला लागलीया, रेडकाचा पाय अडकलाय. मी तसाच परड्याच्या वाटनं मागं गोठ्यात. हारन न्हाय, हाक न्हाय. गाडीचा आवाज तर नव्हताच. दोन तास झटापट केली, रामू आन मी, घामानं चिंब. मला वाटलं, तिनं खाल्लं आसंल. न्हाय, खरं सांगतो, ताई, तेवढं बी वाटलं न्हाय. तिची आठवणच आली न्हाय मला.

म्हशीला रेडी झाली. मी हात बी न धुता तिला सांगाया आत गेलो. भिंतीला टेकून बसलेली. फुडं दोन ताटं, मोकळी, भाकरी टोपलीतच झाकल्याली. अंग गार, लुगडं घामानं भिजल्यालं. मी तोंडात साखर घातली, ती व्हटाच्या कडंनं भायेर आली. दवाखान्यात तीन दिस हुती. डोळं उघडलंच न्हाईत. उघडून तरी काय दिसणार हुतं, पर माझा आवाज आईकला आसता की.

तिचं दिवस घालताना शेजारच्या आक्कानं सांगितलं. त्या दिशी दहाला तिनं मधल्या दगडी गडग्यावरनं इचारल्यालं, मंगल, जेवलीस का गं? तर ही म्हणाली, न्हाय अजून, गाडी वाजली न्हाय, आज कुठं अडकल्यात कुणास ठावं. आन मी घराच्या मागं हुतो. पंधरा पावलांवर.

मी मेस्त्रीकडं गेलतो नंतर. जुनी परत दे म्हणालो. त्यानं इंजिन कवाच उघडल्यालं, सामान दुसऱ्या गाड्यांत गेल्यालं. पोरगा म्हणतो, आप्पा, तुमचा दोष न्हाय, मीच घ्या म्हणालो. सून म्हणती, मी थांबाया पायजे हुतं. सगळी आपापल्या अंगावर घ्यायला बगत्यात, पर इसरलो मी.

गाडी चांगली हाय. खोटं कशाला बोलू, पाठ दुखत न्हाय. रतीब चालू हाय. मारुतीपाशी आलो की दोनदा हारन मारतो. गावाला आता सवय झालीया, कोण हसत न्हाय. घरात येतो, दोन ताटं काढतो, मग एक ठेवून देतो.

तुमी बेळगावला जाणार न्हवं? सांजच्याला घर गाठा, सुखात ऱ्हावा. आन दारात पोचलासा की आदी हाक मारा, ताई. आत कोण तरी बसल्यालं आसतंय.