शिडी पक्की बांधली त्याची गोष्ट

चहा घ्या, सांगतो. देवळाला रंग द्यायचा होता, म्हणून मी अन् भाचा रामदास कळमनुरीहून जीपच्या टपावर शिडी आणून राहिलो होतो.

मी म्हणलं, "बराबर बांध. पडली तर मागच्याचा जीव जाईल."

आमी आत बसलो, दारं लावली. त्यानं दोर टपावरून दोन्ही खिडक्यांतून ओढला अन् आतच गाठ मारली. एवढे खड्डे आले, शिडी हालली न्हाई.

अर्ध्या वाटंत मला लघवी लागली. "थांबव बाबा, उतरू दे."

रामदास दाराकडं पाहत राहिला. "मामा, शिडीसंगं दारं बी बांधल्या गेली."

"मग दोर सोड."

"गाठ आवळली, सुटून न्हाई राहिली. खिडकीतून उतरा."

"उतरतो," मी म्हणलं. "शिडी लाव."