घोडनळीच्या वळणावर दाखवलेला हात

पुरवणी जबाब
दि. १९/०९/२०२५, सकाळी १०.३५

मी रुपचंद अभिमन बाविस्कर, वय ६४ वर्षे, धंदा सेवानिवृत्त रेल्वे गार्ड, रा. भुसावळ, जि. जळगाव.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की, मला आज कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आलो आहे. रविवारी दि. १४ रोजी याच टेबलावर मी जो जबाब दिला त्यातले एक वाक्य खोटे आहे. ते असे की, "मृणालीने खालून वल्हे उभे धरून रस्ता मोकळा असल्याची खूण केली, ती मी पाहिली." अशी खूण मी पाहिलेली नाही. त्या एका वाक्यावरून, रविवारी नदीत मयत झालेले आमच्या क्लबचे योगराज यांचा मुलगा ललित याने मृणाली तायडे, वय २७, हिच्याविरुद्ध तक्रार दिली असून आज तिच्यावर गुन्हा दाखल होणार आहे, असे मला काल समजले.

आमचा कयाक क्लब भुसावळचा आहे. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट होडी. क्लबात बहुतेक रेल्वेतून निवृत्त झालेली माणसे आहेत. मृणाली बाहेर रीतसर शिकून आलेली, ती आम्हांला शिकवते. साहेबांनी विचारले, या वयात हे खूळ कशाला. माझे म्हणणे असे की, घरी बसून बायकोच्या डोळ्यांत खुपण्यापेक्षा बरे. हवालदार अमृत म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हणालो, विचारले आहे तर लिहा.

दि. १४ रोजी सकाळी ६.१० वाजता आम्ही सात जण टेम्पोने निघालो. सावद्याला चहा घेतला. ९.२० वाजता सुकी नदीवर पोचलो. धरण भरून सांडव्यावरून वाहत होते, त्यामुळे नदीला चांगली ओढ होती. सर्वांच्या अंगात लाइफ जॅकेट व डोक्यावर हेल्मेट होते. कोणीही दारू प्यायलेले नव्हते.

नदी एके ठिकाणी खडकांतून अरुंद होऊन वळते, त्या जागेला गावकरी घोडनळी म्हणतात. वळणाच्या वर शांत डोह आहे. नियम असा ठरला होता की, मृणालीने आधी खाली उतरून खडकावर दोर घेऊन उभे राहायचे. वर काठावरच्या उंच खडकावर मी. तिचे वल्हे उभे दिसले तर मी डोहातल्या पुढच्या माणसाला हात दाखवायचा. आडवे दिसले तर कोणालाही सोडायचे नाही. मला सगळे गार्डच म्हणत. माझ्या हाताशिवाय कोणी हलत नसे.

चार जण नीट उतरले. राहिलो मी आणि योगराज. होडीत पाणी शिरू नये म्हणून कमरेला घालतात ते योगराजचे रबरी कव्हर होडीला बसत नव्हते, म्हणून मी खडकावरून खाली आलो व ते बसवून दिले. तो म्हणाला, "गार्डसाहेब, गाडी लेट होऊ राहिली." मी म्हणालो, "गप बस, ड्रायव्हर. मी वर चढेपर्यंत हलू नको." मी त्याची होडी डोहात ढकलली. मला गुडघ्याचा त्रास असल्याने वर चढायला वेळ लागत होता.

योगराज हा ड्रायव्हर होता. अकरा वर्षे आम्ही जोडीने मालगाड्या चालवल्या. तो इंजिनात, मी शेवटच्या डब्यात. मध्ये पन्नास-साठ वाघिणी, म्हणजे मालाचे डबे. गाडी वळणावर आली की ड्रायव्हर मागे वळून बघतो आणि गार्ड हात बाहेर काढतो. म्हणजे मागे सर्व ठीक, चल. मग ड्रायव्हरही हात दाखवतो, म्हणजे कळले. हे आम्ही किती वेळा केले असेल त्याची मोजदाद नाही.

योगराजची होडी पाण्याबरोबर हळूहळू वळणाशी गेली. तिथून त्याने मागे वळून पाहिले. मी अजून खडकाच्या अर्ध्यावर होतो, मला मृणाली दिसत नव्हती. माझा हात बाहेर गेला. मी काही ठरवले नव्हते. हात गेला. मग मी घड्याळ पाहिले, तीही सवयच. ११.२४ झाले होते.

वर चढल्यावर मला मृणाली दिसली. तिने दोन्ही हातांनी वल्हे डोक्यावर आडवे धरले होते आणि ती शिटी वाजवत होती. पाण्याच्या आवाजात शिटी ऐकू येत नव्हती. खाली नळीत बाभळीचे एक झाड वाहत येऊन अडकले होते. योगराजची होडी त्याच्याखाली गेली. मृणालीने दोनदा दोर टाकला, मग स्वतः उडी घेतली. त्याला बाहेर काढायला ११.४१ झाले. ती त्याला तोंडाने श्वास देत राहिली. दवाखान्यात १२.५० वाजता डॉक्टरांनी तो मयत असल्याचे सांगितले.

रविवारी मी खोटे का बोललो, असे साहेबांनी विचारले. ललित समोर उभा होता. बापाला कोणी पाठवले, असे तो ओरडत होता. मी घाबरलो. दुसरे कारण नाही. मला त्याची लाज वाटते, हे असेच लिहा.

काल मृणाली माझ्या घरी आली. ती म्हणाली, "काका, मी वल्हं आडवंच धरलं होतं असं मला वाटत होतं. पण तुम्ही उभं पाहिलं म्हणता, तर माझंच चुकलं असेल." ती भांडायला आली नव्हती. पोर चहा न घेता गेली. जेवणाचे ताट मी तसेच सारले.

आज सकाळी ७ वाजता मी योगराजच्या घरी जाऊन त्याची पत्नी कोकिळाबाई यांना सर्व सांगितले. त्या शिरपूरकडच्या आहेत, अहिराणी बोलतात. ऐकून त्या म्हणाल्या, "चला, जे खरं शे ते बठ्ठं तठे सांगी टाका. मी बी येस." आज सुतकाचा सहावा दिवस आहे, त्यांनी घराबाहेर पडायचे नसते. तरी त्या आल्या, बाहेर बाकावर बसल्या आहेत.

माझ्या विनंतीवरून त्यांना आत बोलावून हवालदार अमृत यांनी वरील जबाब आम्हां दोघांसमोर मोठ्याने वाचला. माझ्या सांगण्यात व लिहिण्यात फरक नाही. सही करण्यापूर्वी कोकिळाबाईंनी मला विचारले, "भाऊ, तुमना हात दखीसन त्यास्नी बी हात दखाडा का?"

हो, त्यानेही हात दाखवला, असे मी सांगितले. तेवढे लिहून घ्यावे.

(सही) रुपचंद अभिमन बाविस्कर