अहमदाबादहून काय आणलं

रामदास : पण मी तुम्हाला अहमदाबादला पाठवलं ते यासाठी नाही, सुषमाबाई. एवढा मोठा शिक्षण महोत्सव, शाळेचं नाव झालं असतं. आणि तुम्ही परत येऊन दुसरीच्या वर्गात अहिराणी सुरू केलीत.

सुषमा : सुरू नाही केली, सर. मुलांना म्हटलं, घरी बोलता तसं बोला.

रामदास : तेच ते. वर्गात तोंड न उघडणाऱ्या त्या चंचलची आई कारखान्यातलं काम सोडून बाहेर बसलीय. मुख्याध्यापक म्हणून मी तिला काय सांगू? कोणाची भाषणं ऐकून आलात तुम्ही?

सुषमा : भाषणांचं विचारूच नका. एक साहेब टॅबलेटवर गणित कसं शिकवायचं ते सांगत होते. इथे माझ्या वर्गातला पंखा चालत नाही. उठून घरी यावंसं वाटलं मला. मग जेवायच्या रांगेत डांगच्या एक शिक्षिका भेटल्या. त्यांच्या वर्गातली मुलं घरी डांगी बोलतात, पुस्तकं गुजराती. एक मुलगा वर्गात तोंडच उघडायचा नाही. शेवटी बाईंनी त्याच्या बोलीत त्याच्या बकरीची चौकशी केली, तर तो थांबेचना. ते ऐकताना मला सारखी चंचल दिसत होती.

रामदास : चंचलचं वेगळं आहे. तिला ऐकू येत नसेल. तपासून घ्या, असं आपण तिच्या आईला सांगितलंच आहे.

सुषमा : येतं ऐकू. सोमवारी मी अहिराणीत विचारलं, सकाळी काय खाल्लं. आधी सगळी हसली. पहिल्या बाकावरच्या उखाने सांगितलं, मग दुसऱ्या दोघांनी. आणि चंचल आपणहून उभी राहिली, सर. शाळा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. मी मध्ये बोललेच नाही, थांबेल म्हणून.

रामदास : बोलली, चांगलं झालं. आता ते बंद करा. अहिराणी शिकायला शाळा कशाला, असं आणखीही पालक विचारतायत. इथे गुजरातेत, पांडेसऱ्यात मराठी वर्ग कसाबसा टिकलाय. चार जणांनी मुलं हिंदी शाळेत घातली, तर तुम्ही कुठे आणि मी कुठे?

सुषमा : म्हणजे मी तिथून नुसती पिशवी आणि प्रमाणपत्र आणायला हवं होतं.

रामदास : पुढच्या वर्षी कोणीच जाणार नाही, म्हणजे प्रश्न मिटला. या कलाबाई, आत या. बसा.

कलाबाई : नको साहेब. उभी बरी हाये.

रामदास : मी बाईंना सांगितलंय. वर्गात यापुढे शुद्ध मराठीच.

कलाबाई : बाई, खरं सांगा. चंचल बोलनी?

सुषमा : बोलली, कलाबाई. खूप बोलली.

कलाबाई : अहिराणीमा?

सुषमा : हो.

कलाबाई : मीच बंद केली होती तिची अहिराणी. शाळेत पोरं हसली तिला, रडत घरी आली. मग म्हटलं, घरी बी बोलायचं नाही, तवाच मराठी येईल. बोलली का मारायची मी तिला. मग ती काहीच बोलेना. मराठी नाही, अहिराणी नाही. दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणे पोरीला काही झालं नाही.

रामदास : हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?

कलाबाई : तुमी विचारलं का साहेब? तुमी म्हटलं, कान तपासा.

सुषमा : कलाबाई, बसा ना. तक्रार काय आहे तुमची?

कलाबाई : तक्रार नाही बाई. नळावर उखाची माय सांगत होती, तुझी पोर वर्गात बोलली. मी काल रात्री तिला जवळ घेतलं, अहिराणीत विचारलं. ती तोंडावर हात ठेवून बसली.

सुषमा : घाबरली असेल. वेळ लागेल थोडा.

कलाबाई : मनासंगे, मायसंगे, एक शबद बोलत नही ती. काय बोलनी बाई तुमच्याजवळ? सांगा ना माले.