हरणाबाईच्या रुपयाला चौसष्ट

...आन् वर मलाच म्हणती, "अक्का, डबीला हात लावू नका, बोटं उठत्यात." ऐकलं का? माझी धाकटी जाऊ, लगीन होऊन आली तवा जिला भाकरी थापायला म्या शिकवली, त्या हरणाबाईनं मला सांगायचं हात लावू नका, आन् ते बी कशाला, तर एका रुपयाला. डबी तरी कसली, आरपार दिसणारी प्लास्टिकची, तळहाताएवढी, चारी बाजूनं जाम बंद, मधी रुपया, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. मला अक्षर वाचता येत न्हाय, पण आकडे येत्यात, एसटीच्या पाट्या बघून शिकले. सहा आन् चार. किती पैकी विचारलं तर म्हणती सत्तर. सत्तरपैकी चौसष्ट. हरणाबाईला.

तिला न्हाय, तिच्या रुपयाला, आसं आमची सून अर्पिता म्हणती. पण तुमीच सांगा, जळकोटभर मिरवतंय कोण, रुपया का हरणाबाई?

मुळापासून सांगते, न्हायतर तुमी म्हणाल म्हातारी जळती. जळते, न्हाय कुठं म्हणते, पण का जळते ते तर ऐका. आमच्या सासूबाईकडं निजामाच्या राज्यातले चांदीचे दोन रुपये हुते, वर चारमिनार काढलेला. वाटणी झाली त्या दिवशी त्यांनी कमरेच्या पिशवीतून दोन्ही काढले आन् म्हणाल्या, लक्ष्मीपूजनाला मांडत जावा. दोन्ही सारखे, जुळ्या पोरींवाणी. मालक म्हणाले, तू थोरली, तू आधी उचल. म्या उचलला. कुठला उचलला? जरा जास्त चमकत हुता त्यो. म्हंजे बघा, चांगला तर माझ्याच वाट्याला आला हुता, लिहून ठेवा.

तिथून बावन्न वर्षं म्या त्या रुपयाची काय सेवा केली. चिंचेचा कोळ, चुलीतली राख, वर नारळाची शेंडी, आन् घास की घास... लक्ष्मीपूजनाला तर घासलाच, पण दसरा आला घासला, पंचमी आली घासला, लेकीला बघायला पाव्हणे आले तवा बी घासला, त्यांनी कशाला रुपया बघितला असता, पण घासला. आरशावाणी व्हायचा. शेजारच्या बाया म्हणायच्या, मथुराबाई, तुमच्या लक्ष्मीत तोंड दिसतं.

आन् हरणाबाई? तिनं काय केलं? काय न्हाय. कढई आतून घासायची आन् बाहेरून काळीच पालथी घालायची, म्हणायची बाहेरून कोण खातंय. आसली बाई रुपया घासंल? चिंधीत गुंडाळला, संदुकीच्या तळाला टाकला. दिवाळीला चिंधीसकट पाटावर, वरून दोन झेंडूची फुलं, झाली पूजा. मी म्हणायची, अगं लक्ष्मीचं तोंड तरी बघ. तर म्हणायची, "अक्का, ती आत हाय हे मला माहीत हाय, बस झालं."

आता मागच्या साली दिवाळीला तिचा ल्योक कृष्णराज पुण्याहून आला, त्यानं ती चिंधी सोडली. आत रुपया कसा, तर काळानिळा, वांग्याच्या सालीवाणी. मी मनात म्हणलं, बरी इज्जत गेली. पण त्यो पोरगा भिंग लावून बघाय लागला, फोटो काढाय लागला, कुठल्या तरी कंपनीला धाडला, आन् चार महिन्यांनी डबीत बंद होऊन आला. म्हणे जुन्या नाण्यांची परीक्षा घेणारी माणसं असत्यात, ती मार्क देत्यात. बावन्न वर्षांत एकदा तोंड न धुतलेल्या रुपयाला सत्तरपैकी चौसष्ट. हरणाबाईला.

मंग काय विचारता. गिरणीत दळण घेऊन गेली तरी पिशवीत डबी. हळदीकुंकवाला गेली, वाण बाजूला, आधी डबी. नळदुर्गला जाताना एसटीत कंडक्टरनं सुटा रुपया मागितला, तर हिनं डबी काढून दाखवली, आन् त्यो मेला बी गाडी थांबवून बघत बसला. मी आपली माझा रुपया हातात घेऊन बसायची. मालक म्हणाले, अगं बावन्न वर्षं त्या रुपयानं तुला काय मागितलं न्हाय, आता तूच त्याच्याकडं काय मागती? त्यांना काय कळतंय. त्यांच्या भावाच्या बायकोला चौसष्ट मिळाले म्हणून ते आतून खूशच.

मी आपली माणिकप्पा सोनाराकडं गेले. त्यानं माझा रुपया काट्यावर टाकला, कसावर घासायला निघाला तर मी हात धरला, बस, आजून नको. म्हणाला वजन बरोबर, चांदी बरोबर. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, आसं वाटलं त्या काट्याची आरती करावी. आन् मी उठताना म्हणतोय कसा, "मथुराबाई, त्यो चौसष्टवाला ह्योच का?"

घरी आले आन् अर्पिताला म्हणलं, दिवाळी झाली की सोलापूरला नाण्यांचं प्रदर्शन भरतंय, तिथं ती परीक्षेवाली माणसं रुपये जमा करून घेणार हायत, आपला बी देऊन टाक, फी माझ्या भाजी-माळवं विकलेल्या पैशातून देते. तिनं मोबाईल लावून रुपया मोठा करून बघितला. बघती. परत बघती. मंग म्हणाली, "आत्या, चारमिनारचे मिनार कुठं गेले?" मी म्हणलं, हायत की तिथंच. तर म्हणती दोन दिसत्यात, दोन घासून गेले, आन् सगळ्या रुपयावर राखेचे ओरखडे हायत. म्हणे ते लोक काळेपणाला भीत न्हाईत, घासण्याला भीत्यात. घासलेल्या नाण्याला आकडाच देत न्हाईत, चिठ्ठीवर नुसतं लिहित्यात, साफ केलेलं.

म्हंजे काय झालं? म्या लक्ष्मी उजळ ठेवली हा गुन्हा, आन् हिनं आळस केला त्याचे चौसष्ट? आसली कुठली शाळा म्हणायची?

आता तिढा बघा माझा. न्हाय धाडला, तर मी सांगू शकते, माझा बी तसलाच, सासूबाईच्या एकाच पिशवीतला, धाडला न्हाय म्हणून आकडा न्हाय. पण मंग डबी तिचीच एकटीची. आन् धाडला, आन् आकड्याबिगर परत आला, तर डबीतच लिहून येणार, ते बी जाम बंद, पुसता यायचं न्हाय. हरणाबाईला वाचता येत न्हाय, पण ती वाचून घ्यायला आख्खं गाव गोळा करंल. दोन महिने हेच. धाडू का नको, धाडू का नको. भाकरी करपली, मालकाच्या चहात दोनदा मीठ पडलं.

शेवटी आखाडात माझं मी ठरवलं. काळाच पाहिजे ना त्यांना? करते काळा. घासायचं बंद. रुपया सासूबाईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधला आन् न्हाणीत बंबाच्या वर फळी हाय तिथं ठेवला, बंबाचा धूर थेट लागंल आसा. अर्पिता म्हणाली, आत्या, त्या माणसांना असलं लगेच कळतं. म्हणलं, तू तुझी अंगणवाडी बघ. रोज सकाळी पाणी तापलं की चिंधी सोडून बघायची. आधी पिवळा झाला. मंग तपकिरी. दसऱ्याला घासायला हात शिवशिवत हुते, पदरात बांधून बसले, पण घासला न्हाय. आन् दिवाळीला, काय सांगू तुमाला, काळानिळा. वांग्यावाणी. मिनार बी काळ्यात दडले, दोन का चार कोण मोजतंय. म्हणलं सोमवारी सोलापूर. चौसष्ट नको, त्रेसष्ट द्या, पण डबी द्या.

लक्ष्मीपूजनाला मी लवकर पूजा उरकली, आन् आरती झाली तोवर दारात कोण? हरणाबाई. तोंड एवढंसं. झालं काय, हिनं पाटावर डबी मांडली, तर कुंकू लागंना, घसरून खाली. अक्षता टाकल्या की टणटण उडून जायच्या. श्रीमंतभाऊजी, म्हंजे तिचा नवरा, खवळले, प्लास्टिकची पूजा करायला मी काय बाजारात बसलोय का म्हणाले. डबी तर फोडता येत न्हाय, फोडली की चौसष्ट गेले. आमच्या ओसरीवर चार बाया बसलेल्या, त्यांच्या म्होरं ही म्हणाली, "अक्का, घडीभर तुमचा रुपया द्या पूजेला. माझा नुसता बघायचा झालाय."

आता सांगा, आसं बोलणं ऐकायला मी वर्षभर झुरले हुते. जरा उभी ठेवली तिला. पाणी विचारलं. मंग आतून रुपया आणला आन् तिच्या ओंजळीत ठेवला. तिनं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् पदराखाली धरून निघाली. माझ्या तोंडावर आलं हुतं, हरणे, धुवू नको, हाय तसाच आण. पण सांगितलं आसतं तर का म्हणून विचारलं आसतं, आन् का ते कळलं आसतं तर सोमवारच्या आत गावभर झालं आसतं. गप बसले. आन् भ्यायचं तरी कशाला, हरणाबाई हाय ती, बावन्न वर्षांत कढईची पाठ घासली न्हाय जिनं.

पाडव्याला सकाळी दारात हजर. दस्तीत, रुमालात हो, रुपया बांधलेला, बोटं चिंचेनं सुरकुतलेली. म्हणाली, "अक्का, रागावू नका, पण लई काळा पडला हुता. तुमच्या घराला शोभंना म्हणून घासून आणला. दोन तास लागले बघा."

दस्ती सोडली. माझ्या डोळ्यापुढं आखाड, श्रावण, भादवा, बंबाचा सगळा धूर निघून गेला. सोमवार गेला, सोलापूर गेलं. जलमात हिनं एक वस्तू घासली, तर ती माझी. वरून तिच्याकडं सत्तरपैकी चौसष्ट, ते बी चिठ्ठीवर.

आन् खरं दुखणं कुठं हाय सांगू? रुपया असा लखलखत हुता... कडासुद्धा, मिनारांच्या बेचक्यात सुद्धा राख न्हाय. बावन्न वर्षांत मला आसा जमला न्हाय. चहा टाकला तिला, काय करता. आन् दूध वतता वतता, कुणाला सांगू नका, म्या बी तिला मनातल्या मनात मार्क देऊन टाकले. सत्तरपैकी पासष्ट.